ओळख हरवलेला माल : गोदामातील कचऱ्याच्या वर्गीकरणाविषयी प्रस्तावना

कारखान्यात तयार झालेला माल ग्राहकाच्या हाती पडण्यापूर्वी जिथे उतरवला, मोजला, साठवला आणि पुन्हा बांधून रवाना केला जातो ती जागा म्हणजे गोदाम. आणि या सगळ्या उलाढालीत मालाचा, त्याच्या वेष्टनाचा किंवा तो हाताळण्याच्या साधनांचा जो भाग विकण्याजोगा अथवा वापरण्याजोगा उरत नाही, तो गोदामाचा कचरा. व्याख्या एवढी सरळ असूनही या कचऱ्याचा स्वतंत्र विचार मराठीत फारसा झालेला नाही. घरातील ओल्या आणि सुक्या कचऱ्याविषयी गेली अनेक वर्षे नगरपालिका व महानगरपालिका नागरिकांना सांगत आल्या आहेत, कारखान्यांच्या सांडपाण्यावर आणि घातक कचऱ्यावर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची नजर असते. गोदाम मात्र या दोन्ही व्यवस्थांच्या मधल्या फटीत राहून गेले आहे, कारण तिथे कुणी राहत नाही आणि तिथे काही तयारही होत नाही. जिथे काहीच तयार होत नाही तिथे कचराही तयार होत नसावा, असा एक समज गोदाममालकांपासून ग्रामपंचायतींपर्यंत सर्वत्र आढळतो. तो समज चुकीचा आहे, आणि पुढील विवेचनाची सुरुवात त्या चुकीपासूनच करावी लागते.

हा विषय महाराष्ट्रात जितक्या स्पष्टपणे ठाणे जिल्ह्यातील भिवंडीच्या परिसरात दिसतो तितका क्वचितच अन्यत्र दिसत असेल. यंत्रमागांचे गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भिवंडीभोवती, मुंबई-नाशिक महामार्गाच्या दोन्ही अंगांना, काल्हेर, कशेळी, राहनाळ, पूर्णा, दापोडे, वळ, माणकोली, अंजूर अशा गावांच्या भातशेतीच्या जमिनींवर गेल्या काही दशकांत गोदामांची मोठी वस्ती उभी राहिली आणि पुढे ती पडघ्याच्या दिशेने सरकत गेली. याची कारणे भूगोलात आहेत तशीच करव्यवस्थेतही आहेत. मुंबईची बाजारपेठ आणि १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा शेवा बंदर ही दोन्ही ठिकाणे येथून ट्रकच्या टप्प्यात होती. शिवाय मुंबई महानगरपालिका शहरात येणाऱ्या मालावर जकात, म्हणजे हद्दीतील प्रवेशकर, आकारत असल्यामुळे माल हद्दीबाहेर साठवून लागेल तेवढाच आत नेणे व्यापाऱ्यांच्या सोयीचे होते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकात संपली, तरी गोदामे हटली नाहीत. उलट राज्याराज्यांत छोटी कोठारे ठेवण्याची गरज कमी झाल्याने मोठ्या, एकत्रित गोदामांची मागणी वाढली, आणि घरपोच खरेदीच्या व्यवसायाने तिला आणखी जोर दिला. या वाढीत एक गोष्ट मागे राहिली. माल साठवण्याचे क्षेत्र महानगराच्या प्रमाणात वाढले, पण जमीन ग्रामपंचायतींच्या हद्दीत असल्यामुळे कचरा उचलण्याची, वेगळा करण्याची आणि त्याची विल्हेवाट लावण्याची व्यवस्था गावाच्याच प्रमाणात राहिली. सगळा कचरा एकत्र करून रस्त्याच्या कडेला किंवा खाडीलगतच्या पडीक जागेत टाकणे आणि ढीग वाढला की पेटवून देणे, हा मार्ग त्यामुळे सर्वांत स्वस्त ठरला.

येथे एक विरोधाभास लक्षात घेण्यासारखा आहे. घरातील कचरापेटीत काय पडले आहे हे घरातल्या माणसालाही नेमके सांगता येत नाही. गोदामात मात्र प्रत्येक वस्तूची नोंद असते. माल दारातून आत येतो तेव्हा त्याच्यासोबत चलन असते, त्यावर नाव, वजन, संख्या, बनवणाऱ्याचा पत्ता, लॉट क्रमांक, वापराची मुदत हे सर्व लिहिलेले असते. रसायन असेल तर त्याच्याबरोबर सुरक्षा माहितीपत्रकही अपेक्षित असते, म्हणजे सोळा भागांचा असा एक दस्तऐवज, ज्यात पदार्थाचे घटक, धोके, प्रथमोपचार, साठवणूक, सांडल्यास करावयाची उपाययोजना आणि तेराव्या भागात विल्हेवाटीची रीत दिलेली असते. कोणत्याही नगरपालिकेच्या कचरा विभागाला जे ज्ञान कधीच मिळणार नाही, ते गोदामाच्या कारकुनाच्या संगणकात आधीच असते. पण डबा फुटला, खोके भिजले किंवा मुदत संपली की ती वस्तू मालाच्या नोंदीतून वजा होते आणि त्याच क्षणी तिची ओळखही पुसली जाते. काही तासांपूर्वी जी वस्तू विशिष्ट क्रमांकाचे विशिष्ट रसायन होती ती आता नुसती ‘भंगार’ म्हणून कोपऱ्यात पडते. गोदामातील वर्गीकरण म्हणजे मूलतः ही ओळख शेवटपर्यंत टिकवून धरण्याचे काम आहे. वस्तू एकमेकांत मिसळल्यानंतर त्या निवडत बसणे हे त्याचे दुय्यम, महागडे आणि धोकादायक रूप होय, आणि दुर्दैवाने आज तेच रूढ आहे.

गोदामाच्या कचऱ्याचा मोठा आणि दृष्टीस सहज पडणारा भाग वेष्टनाचा असतो. त्यात पुठ्ठ्याची खोकी प्रमुख. दोन सपाट कागदी थरांमध्ये लाटांसारखा वळवलेला तिसरा थर चिकटवून हा पुठ्ठा तयार होतो आणि त्याचा पुनर्वापर जुना, सर्वांना ठाऊक असलेला आहे : रद्दीवाल्याकडून तो कागदगिरणीत जातो, पाण्यात भिजवून त्याचा लगदा होतो आणि त्या लगद्याचा पुन्हा कागद होतो. प्रत्येक फेरीत कागदाचे तंतू आखूड होत जातात, त्यामुळे ही फेरी साधारण पाच ते सात वेळाच शक्य असते आणि दरवेळी काही ताज्या तंतूंची भर घालावी लागते. म्हणूनच कोरडा, स्वच्छ, लांब तंतूंचा पुठ्ठा गिरणीला हवा असतो. मेण लावलेला किंवा प्लास्टिकचा पातळ थर चढवलेला पुठ्ठा, तेल पिऊन बसलेला पुठ्ठा आणि पावसात भिजून बुरशी आलेला पुठ्ठा यांनी सबंध गाठीची प्रत खालावते. कोकणपट्टीच्या पावसात चार महिने उघड्यावर ठेवलेल्या पुठ्ठ्याचे मोल किती उरते हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही, आणि तरीही नव्याने बांधलेल्या अनेक गोदामांत मालासाठी उंच छप्पर असते व पुठ्ठ्यासाठी पत्र्याची एक पडवीसुद्धा नसते.

वेष्टनातील प्लास्टिकचा प्रश्न यापेक्षा गुंतागुंतीचा आहे आणि तो थोडा विस्ताराने समजून घेणे आवश्यक आहे. पॅलेटवर, म्हणजे फोर्कलिफ्टने उचलता यावा अशा लाकडी वा प्लास्टिकच्या चौथऱ्यावर, रचलेल्या मालाभोवती गुंडाळली जाणारी, ताणता येणारी पन्नी ही कमी घनतेच्या पॉलिथिनच्या कुळातली असते. धान्याची, खताची, साखरेची विणलेली पोती पॉलिप्रॉपिलीनची असतात. खोकी आवळण्याची पट्टी कधी पॉलिप्रॉपिलीनची तर कधी पाण्याच्या बाटल्यांच्या जातीच्या प्लास्टिकची, म्हणजे पेटची असते. नाजूक उपकरणांभोवतीचे थर्मोकोल हे फुगवलेले पॉलिस्टायरीन असते. नजरेला सगळेच ‘प्लास्टिक’ दिसत असले तरी यांचे वितळण्याचे तापमान वेगवेगळे आहे : पन्नीचे पॉलिथिन १०५ ते १२५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, पॉलिप्रॉपिलीनला सुमारे १६० अंश लागतात आणि पेटला २५० अंशांच्या पुढे जावे लागते. पन्नीच्या गाठीत पेटची पट्टी राहून गेली तर पन्नी वितळते आणि पट्टीचे तुकडे तसेच घट्ट राहून यंत्राच्या जाळीत अडकतात. उलट पेटच्या मालात पीव्हीसी गेले तर पेट वितळण्याच्या कितीतरी आधीच पीव्हीसीचे विघटन होऊन त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, जो पेटची प्रत बिघडवतो, यंत्राला गंज आणतो आणि कामगाराच्या फुफ्फुसांना इजा करतो. प्लास्टिकच्या वस्तूंवर त्रिकोणात छापलेले १ ते ७ हे आकडे ही जात ओळखण्यासाठीच असतात, पण पन्नीवर आणि पट्टीवर ते बहुधा नसतातच.

धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये किंवा भिवंडीच्या भंगारगल्ल्यांत प्लास्टिक निवडणाऱ्या माणसांनी म्हणूनच स्वतःच्या कसोट्या घडवल्या आहेत. तुकडा पाण्यात टाकून तो तरंगतो की बुडतो हे पाहणे ही त्यातली सर्वांत भरवशाची, कारण पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके आहेत तर पेट आणि पीव्हीसी जड आहेत. दिसायला सारख्या असलेल्या दोन पट्ट्यांचा निवाडा एका बादलीत होतो. वाकवून पडणारी घडी, आपटल्यावर येणारा आवाज, हाताला लागणारा मेणचटपणा यांवरूनही जात ओळखली जाते. तुकडा पेटवून वास घेण्याची रीतही प्रचलित आहे, आणि तिच्याविषयी स्पष्ट सांगितले पाहिजे की ती बंद झाली पाहिजे, कारण ज्या धुरावरून पीव्हीसी ओळखता येते तोच धूर विषारी असतो. हे ज्ञान कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवले जात नाही. ते हातातून हातात गेलेले आहे, आणि पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने ते बऱ्याच अंशी अचूक आहे. त्याचा आदर करावयाचा तर गोदामाने एवढेच करायचे आहे की ज्या टेबलावर मालाचे वेष्टन उतरवले जाते त्याच टेबलाशेजारी पन्नी, पट्टी आणि पुठ्ठा यांसाठी तीन वेगळ्या जागा ठेवायच्या. पारदर्शक, धूळ न लागलेली पन्नी ही चांगल्या मोलाची वस्तू आहे. फरशीवर पडून तिच्यात चिकटपट्टी, माती आणि लेबले मिसळली की तिची किंमत घसरते, आणि हे सर्व काही मिनिटांत घडते.

काही वेष्टने मात्र निवडूनही मार्गी लागत नाहीत. पत्त्याची चिकट लेबले ज्या गुळगुळीत कागदावरून सोलून काढतात तो कागद सिलिकोनचा थर दिलेला असल्याने साध्या लगद्यात नीट मिसळत नाही. घरपोच माल पाठवणाऱ्या गोदामात त्याच्या गुंडाळ्या रोज साचतात. उष्णतेने छपाई होणाऱ्या लेबलांवर बिस्फिनॉलसारखी रसायने असू शकतात. निरनिराळ्या प्लास्टिकचे आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवून केलेली वेष्टने पुन्हा वेगळी करणे जवळपास अशक्य असते, आणि अशा पदार्थांना आज उपलब्ध असलेला बरा मार्ग म्हणजे सिमेंटच्या भट्टीतील सहप्रक्रिया, ज्यात सुमारे १४५० अंशांच्या भट्टीत कचऱ्याची ऊर्जा वापरली जाते आणि राख सिमेंटच्या खड्यातच सामावली जाते. याला पुनर्वापर म्हणू नये. तो एक पर्याय आहे आणि उघड्यावरच्या जाळपोळीपेक्षा तो निश्चित चांगला आहे.

लाकडी पॅलेटांविषयी थोडक्यात सांगणे पुरे. आंतरराष्ट्रीय व्यापारात लाकडातून किडींचा प्रसार होऊ नये म्हणून लाकडी वेष्टनावर प्रक्रिया करण्याचा जागतिक मानदंड आहे आणि प्रक्रिया झालेल्या लाकडावर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह डागलेले असते. त्याशेजारी ‘एचटी’ ही अक्षरे असतील तर लाकूड गाभ्यापर्यंत किमान ५६ अंश तापमानाला किमान ३० मिनिटे ठेवलेले असते. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. तुटलेली पॅलेटे चुलीसाठी किंवा बेकरीच्या भट्टीसाठी नेली जातात, आणि ती नेण्यापूर्वी हे चिन्ह आणि लाकडावर सांडलेल्या पदार्थाचे डाग पाहण्याची सवय कुठेच दिसत नाही. धड असलेली फळी पुन्हा पॅलेटमध्ये जोडणे हा तिचा सर्वांत चांगला उपयोग, आणि सुताराची मजुरी नव्या पॅलेटपेक्षा कमी पडते.

खरा कठीण भाग येथून पुढे आहे. गोदामातील कचऱ्यात वजनाने थोडा पण परिणामाने मोठा असा एक हिस्सा असतो : गळलेले डबे, मुदत संपलेली कीटकनाशके आणि औषधे, फुगलेल्या बॅटऱ्या, वायू भरलेले फवारे, पाऱ्याचे दिवे, रंग, द्रावके आणि या सर्वांचे रिकामे डबे. यातील प्रत्येक वस्तूचा स्वतंत्र धोका आहेच, परंतु गोदामात अधिक भयंकर ठरतो तो शेजाराचा धोका. ब्लीचचे द्रावण आणि आम्लयुक्त शौचालय-स्वच्छक हे दोन्ही पदार्थ घराघरांत असतात, आणि दोन्ही एकाच झाडूने एकाच सुपलीत गोळा केले तर क्लोरीन वायू सुटतो. सांडलेल्या द्रवावर लाकडाचा भुसा टाकण्याची सवय सर्वत्र आहे. तेलासाठी ती चालते, पण तीव्र नायट्रिक आम्लासारख्या ऑक्सिडीकारक द्रवावर, म्हणजे इतर पदार्थांच्या ज्वलनाला बळ पुरवणाऱ्या द्रवावर, भुसा टाकणे म्हणजे आगीला इंधन देणे होय, तिथे कोरडी वाळूच वापरावी लागते. जवसाच्या तेलासारख्या वाळणाऱ्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून टाकल्या तर त्या आतल्या आत तापून आपोआप पेटू शकतात. दुर्गंधीनाशकाचे परत आलेले डबे गाठी बांधण्याच्या यंत्रात दाबले गेले तर त्यांतील ज्वलनशील वायू बाहेर पडतो आणि एक ठिणगी पुरते. लिथियमची बॅटरी दाबली, वाकली वा भोसकली गेली की आतील दोन विद्युतअग्रांचा संबंध येऊन उष्णता निर्माण होते, ती उष्णता अभिक्रियेचा वेग वाढवते आणि वाढलेला वेग आणखी उष्णता देतो. ही साखळी एकदा सुरू झाली की ती रोखणे अवघड असते, आणि विझल्यासारखी दिसलेली बॅटरी काही वेळाने पुन्हा पेटते. ग्राहकांनी परत पाठवलेले मोबाइल, खेळणी आणि खांद्यावर टाकायचे पंखे उघडून न पाहता पुठ्ठ्याच्या ढिगात टाकणे म्हणूनच अक्षम्य आहे.

विसंगत पदार्थ शेजारी ठेवल्याने काय होते याचा धडा मुंबईने फार पूर्वी घेतला आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर कापसाच्या गाठी आणि स्फोटके एकत्र भरलेली होती; आग कापसाच्या गाठींना लागली आणि स्फोटकांपर्यंत पोहोचली. आगीशी लढताना मृत्यू पावलेल्या जवानांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. ती दुर्घटना साठवलेल्या मालाची होती. बेवारस मालाची दुर्घटना ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूतच्या बंदरात घडली, जिथे एका जहाजातून उतरवून घेतलेले सुमारे २७५० टन अमोनियम नायट्रेट २०१४ पासून एका गोदामात पडून होते. ते रीतसर कचरा ठरवले गेले नाही आणि मालही राहिले नाही, ही त्या घटनेतील सर्वांत महत्त्वाची बाब आहे. अनेक वर्षे त्याची ओळख कागदावर होती, पत्रव्यवहारही झाला होता, पण त्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी कुणी उचलली नाही, आणि दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. भिवंडीच्या गोदामांत लागणाऱ्या आगींचे प्रमाण त्या स्फोटाशी तोलता येणार नाही. पण भाडेकरू निघून गेल्यानंतर मागे राहिलेली पिंपे, न्यायालयीन वादात अडकलेला माल आणि कुणाचीच नसलेली पोती येथेही आहेत.

अशा कचऱ्यासाठी कायद्याने आखून दिलेला मार्ग आहे आणि तो वाटतो तितका अवघड नाही. २०१६ चे घातक व इतर कचरा नियम कचरा टाळणे, कमी करणे, पुन्हा वापरणे, त्यावर पुनर्प्रक्रिया करणे, त्यातून ऊर्जा वा पदार्थ परत मिळवणे आणि सर्वांत शेवटी सुरक्षित विल्हेवाट असा क्रम घालून देतात. घातक कचरा निर्माण झालेल्या जागी सामान्यतः ९० दिवसांहून अधिक काळ साठवता येत नाही, आणि तो हलवताना प्रत्येक टप्प्यावर सही होणारे वाहतूक-पत्रक सोबत असावे लागते. घातक रसायनाचे रिकामे झालेले पिंपही या नियमांनुसार घातक कचराच असते, ही गोष्ट अनेक गोदामचालकांना ठाऊक नसते किंवा ते ती ठाऊक नसल्यासारखे वागतात, आणि निळी पिंपे गावोगाव पाणी साठवण्यासाठी विकली जातात. मुंबई महानगर प्रदेशात तळोजा आणि महापे येथे, पुण्याजवळ रांजणगाव येथे आणि नागपूरजवळ बुटीबोरी येथे घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारी केंद्रे आहेत, जिथे जाळण्याजोगा कचरा नियंत्रित भट्टीत जाळला जातो आणि उरलेला कचरा स्थिर करून माती व जाड प्लास्टिकच्या अस्तरांनी बंदिस्त केलेल्या खड्ड्यात पुरला जातो. बॅटऱ्यांसाठी २०२२ चे आणि विद्युत उपकरणांसाठी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेले स्वतंत्र नियम आहेत, आणि दोन्हींत, तसेच प्लास्टिक वेष्टनांच्या बाबतीतही, उत्पादकाची विस्तारित जबाबदारी हे तत्त्व आहे : ज्याने वस्तू बाजारात आणली त्यानेच तिच्या अखेरच्या प्रवासाचा भार उचलायचा. दिवसाला १०० किलोग्रॅमहून अधिक कचरा निर्माण करणाऱ्यांना २०१६ च्या घनकचरा नियमांनी ‘मोठे कचरानिर्माते’ ठरवले, आणि कचरा उघड्यावर जाळणाऱ्यांना राष्ट्रीय हरित लवादाने त्याच वर्षी साध्या प्रकरणी ५,००० आणि मोठ्या प्रमाणावरील जाळपोळीसाठी २५,००० रुपये भरपाई लावली. नियमांची उणीव नाही. उणीव आहे ती गोदामाच्या दारात हे नियम ओळखणाऱ्या माणसाची.

मुदत संपलेल्या किंवा किंचित खराब झालेल्या मालाच्या संदर्भात एक नैतिक प्रश्न वेगळा उभा राहतो आणि त्याचे सोपे उत्तर नाही. नाममुद्रा असलेला माल भंगारात गेला तर त्याच बाटल्यांत बनावट माल भरून विकला जाण्याची भीती असते, म्हणून कंपन्या तो समक्ष नष्ट करून तसे प्रमाणपत्र घेतात. औषधे, कीटकनाशके आणि बालकांचे अन्न यांच्याबाबत हा आग्रह पूर्णपणे योग्य आहे. परंतु केवळ खोके दबले म्हणून धड साबण, शिवण उसवली म्हणून धड कपडे आणि सण संपला म्हणून धड वह्या यंत्रात घालून तुकडे करणे, हे नाममुद्रेच्या रक्षणाच्या नावाखाली होणारे नुकसान आहे. लेबल काढून, सवलतीत विकून किंवा संस्थांना देऊन ते टाळता येते. त्यासाठी लागणारे श्रम नष्ट करण्याच्या श्रमांहून थोडेसे अधिक आहेत, आणि तेवढे श्रम करण्याची तयारी दाखवली पाहिजे.

आता माणसांविषयी. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला, ज्याने डोक्यावर आणि पाठीवर माल वाहणाऱ्या कामगाराला मंडळामार्फत नोंदणी, मजुरी, भविष्य निर्वाह निधी आणि वैद्यकीय साहाय्य मिळण्याची वाट खुली केली. देशातील कामगार कायद्यांच्या इतिहासात या कायद्याचे स्थान मोठे आहे. पण एकाच गोदामात, एकाच दारातून, जी पेटी माल म्हणून उचलली तर उचलणारा माथाडी कामगार ठरू शकतो, तीच पेटी फुटल्यावर तिचे तुकडे निवडणारी स्त्री बहुधा कुठल्याही नोंदवहीत नसते. ती भंगारवाल्याने पाठवलेली असते, निवडलेल्या किलोवर तिला पैसे मिळतात, आणि हातमोजे मागण्याजोगा मालकही तिला नसतो. कचरावेचकांना संघटित करता येते आणि त्यांच्या कामाला कामाचा दर्जा मिळवून देता येतो, हे पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने दाखवून दिले आहे. कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढाव यांचे नाव हमालांची संघटना असलेली हमाल पंचायत आणि ही पंचायत या दोन्हींशी जोडलेले असावे हा योगायोग नाही, कारण ओझे वाहणारा आणि उकिरडा निवडणारा हे एकाच अर्थव्यवस्थेचे दोन हात आहेत. गोदामांच्या पट्ट्यात मात्र तशी संघटना उभी राहिलेली दिसत नाही. वर्गीकरणाच्या यंत्रांवर, रंगीत डब्यांवर आणि प्रशिक्षणाच्या फलकांवर खर्च होतो. धातूच्या पट्टीने हात कापल्यावर धनुर्वाताची सुई कोण देणार हा प्रश्न त्या खर्चात येत नाही.

यावरून एक निष्कर्ष काढता येतो. गोदामातील वर्गीकरण यशस्वी होते की फसते हे बहुतांशी कचरा निर्माण होण्यापूर्वीच ठरलेले असते : खरेदीच्या करारात विक्रेत्याने परत न्यायच्या वेष्टनाची अट आहे की नाही, दोन वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांऐवजी एकच वापरली जाते की नाही, मुदत जवळ आलेला माल पुढच्या रांगेत ठेवला जातो की नाही, आणि इमारतीच्या नकाशात निवडणीसाठी छप्पर, हवा, पाणी आणि उजेड असलेली जागा दाखवली आहे की नाही, यांवर. भाड्याच्या गोदामात चौरस फुटाला दर असतो आणि कचऱ्याला दिलेला प्रत्येक चौरस फूट तोट्याचा वाटतो, हे मालकाच्या बाजूने खरे आहे. पण मिसळलेल्या कचऱ्याची वाहतूक, त्यामुळे लागलेली आग, विम्याचा वाढलेला हप्ता आणि पुठ्ठ्या-पन्नीचे बुडालेले मोल यांचा हिशोब त्याच वहीत मांडला तर तोट्याची बाजू बदलते.

पुढील प्रकरणे गोदामाचे व्यवस्थापक, मुकादम, ग्रामपंचायतींचे सदस्य आणि या विषयाचे विद्यार्थी यांना समोर ठेवून लिहिली आहेत, आणि त्यांतील तक्ते भिंतीवर लावून वापरता यावेत अशी अपेक्षा आहे. ज्यांना संपूर्ण पुस्तक वाचण्यास सवड नाही त्यांनी निदान एवढे करावे : खराब झालेल्या कोणत्याही मालावरचे लेबल काढू नये, लेबल नसेल तर चलन पाहून जाड अक्षरांत नाव आणि तारीख लिहावी, आणि जे ओळखू येत नाही ते कुणा कामगाराला उघडायला न लावता वेगळे ठेवून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नजीकच्या कार्यालयाला कळवावे.